शिडीघाट की गणेश घाट?

कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची, पण सोपी. घरच्यांना, पोराबाळांना घेऊन निघालेली माणसं तिनंच जातात. दुसरी शिडीघाटाची. ती लवकर वर नेते, पण तिच्यात कातळाचे अवघड टप्पे आहेत, तिथं लोखंडी शिड्या लावल्या आहेत, आणि पायऱ्यांच्या मधून खाली नजर गेली की दरी दिसते. पहिल्या शिडीपाशी उभं राहून, घाम पुसून, माघारी वळणारी माणसं असतातच. त्यांना भित्री म्हणायचं, शहाणी म्हणायचं की उपचारांची गरज असलेली, यावरून हा वाद आहे.

वाद घालणारी दोघं या लेखापुरती उभी केली आहेत. ती ज्या गावांबद्दल, घाटांबद्दल आणि उपचारांबद्दल बोलतात ते मात्र खरं आहे. एक आहेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. जन्म कशेळे भागातला, नोकरी वाड्यावस्त्यांवर, आणि सुट्टी लागली की पोरांची रांग लावून पेठच्या कोथळीगडावर. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी. मानसशास्त्र शिकली, आता भयगंडाच्या रुग्णांवर उपचार करते. गुरुजी तिला अजून ‘अगं-तुगं’ करतात आणि ती त्यांच्यासमोर अजून जरा सावरून बसते, पण मुद्दा सोडत नाही.

“भीती चेपावीच लागते,” गुरुजींनी सुरुवात केली. “गोंजारलीस की ती डोक्यावर बसते. आम्हाला पोहायला कुणी शिकवलं? चुलत्यानं विहिरीत ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, रडलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकललं. आठ-दहा दिवसांत हातपाय मारायला लागलो. तेव्हा कुठं होता भयगंड?”

“जे पोहायला लागले ते तुम्हाला दिसतात, गुरुजी. जे त्या दिवसानंतर विहिरीकडे फिरकलेच नाहीत, ते कुणी मोजले? आणि एक सांगा, ढकललं तेव्हा पाठीला काय बांधलं होतं?”

“भोपळा. पुढं तेलाचा रिकामा डबा.”

“आणि चुलते कुठं होते?”

“पाण्यातच. खाली उभे.”

“म्हणजे आधी भोपळा, मग डबा, मग डब्याची दोरी सैल, मग नुसता चुलत्यांचा हात, मग तोही नाही. ढकललं एवढंच तुमच्या लक्षात राहिलं. शिकवलं ते या पायऱ्यांनी.”

ज्याला ती पायऱ्या म्हणते, त्या वाटेला आता शंभर वर्षं झाली. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला पाहून किंचाळायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ दिला आणि तो खाण्यात रमला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवला. पुढच्या वेळी थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला बोटं कुरतडू देऊ लागला. पुढं जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात याची रीतसर पद्धत मांडली: भीतीच्या गोष्टींची कमी-जास्त अशी उतरंड लावायची, अंग सैल सोडायला शिकायचं आणि सर्वांत हलक्या गोष्टीपासून एकेक पायरी वर जायचं. भीतीला ० ते १०० असे गुण द्यायची आजही चालणारी रीत वोल्पेंचीच.

गुरुजी ऐकून घेत होते, पण त्यांचा पुढचा प्रश्न नेमका होता. “बरं, पायऱ्या मान्य. पण तुमच्याकडे येणारी माणसं भोपळा सोडतच नाहीत त्याचं काय? बायकोचा हात धरून जिना चढतात, डोळे मिटून लिफ्टमध्ये जातात, खिशात गोळी ठेवतात. दहा वर्षं झाली तरी गोळी खिशातच.”

इथं तिनं मान हलवली. हा मुद्दा भयगंडाच्या उपचारात फार मोलाचा आहे आणि तो उपचार करणाऱ्यांनाही उशिराच उमगला. डोळे मिटून लिफ्टचा प्रवास केला की मन हिशेब मांडतं की डोळे मिटले होते म्हणून वाचलो. लिफ्टच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्यानं ती वेळ निभावते, पण ‘मी घाबरलो, तरी मला काही झालं नाही’ हा अनुभव मनाला मिळत नाही, आणि भीती उतरते ती नेमकी त्याच अनुभवानं. म्हणून आता उपचारात असे आधार हेरून एकेक काढून घेतात.

“मग आपलं जमलं की,” गुरुजी म्हणाले.

“नाही जमलं. भोपळा कधी सोडायचा हे तुम्ही ठरवत होतात. मी ते पेशंटला ठरवायला लावते.”

या वाक्यावर दोघांचं पुढं बराच वेळ वाजलं. गुरुजींचं म्हणणं, घाबरलेल्या माणसाच्या हातात निर्णय दिला तर तो ‘आज नको’ एवढंच म्हणेल. तिनं जर्मन कवी गोएटेचा दाखला काढला. १७७० च्या सुमारास स्ट्रासबुर्गला शिकत असताना गोएटेला उंचीवर भोवळ यायची. तो तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर एकटा चढायचा, अगदी टोकाशी, जिथं पाय ठेवायला जेमतेम जागा, तिथं उघड्यावर उभा राहायचा, आणि हे त्यानं पुन्हापुन्हा केलं, उंचीचं काही वाटेनासं होईपर्यंत. हे त्यानं स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे.

“बघ, एकदम टोकाला गेला. तुझ्या पायऱ्या कुठं आहेत?”

“पायऱ्या गाळल्या, खरं आहे. काहींना ते झेपतं. पण त्याला वर कुणी ओढत नेलं नव्हतं. उद्या परत येईन, हेही त्याचं तोच ठरवत होता.”

महाराष्ट्राला या बाबतीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस जवळचे. प्रा. कि. मो. फडके यांनी मराठीतून त्यांचे विचार पोचवले आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेनं ते उपचारात रुजवले. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला गृहपाठ दिला: न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की जाऊन बोलायचं. महिन्याभरात त्यांनी शंभर जणींशी गप्पा मारल्या. भेटायला येते म्हणाली फक्त एक, आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना शंभर वेळा कळलं. ही भीती माणसांची, गोएटेची उंचीची. दोन्हीकडे माणूस आपण होऊन गेला, आणि पुन्हापुन्हा गेला. लेखकाला या वादात तिची बाजू पटते ती इथं. जबरदस्तीनं शिडीवर चढवलेल्या पोराच्या मनात शिडीची भीती तर राहतेच, वर चढवणाऱ्याचीही बसते.

मग भयगंड नेमका कशाला म्हणायचं? भीती धोक्याच्या मानानं फारच मोठी असेल, ती गोष्ट समोर आली की दर वेळी उसळत असेल, माणूस ती टाळण्यासाठी आयुष्य वाकवत असेल आणि हे साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर. २२ देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७.४ टक्के माणसांना आयुष्यात कधी ना कधी एखाद्या विशिष्ट गोष्टीचा भयगंड झाल्याचं दिसलं. कर्जतच्या फलाटावर शंभर माणसं उभी असतील तर सात-आठ जण.

फलाटाचा विषय निघाला तो बरा, कारण कर्जतचा फलाट ही बोगद्याला घाबरणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं फार अवघड जागा आहे. पुण्याकडे जाणारी गाडी इथं थांबते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, म्हणून काही नव्या गाड्या सोडल्या तर बाकीच्यांना इथं मागून जादा इंजिनं जोडतात. खिडकीशी वडेवाल्याचा हात येतो, कागदातून गरम तेल बोटांना लागतं, आणि तेवढ्यात मागून तो धक्का बसतो. बाकीच्यांना तो धक्का म्हणजे गाडी निघाली. त्या माणसाला तो धक्का म्हणजे आता उतरता येणार नाही. पळसदरी मागं पडतं, मग ठाकूरवाडी, मंकी हिल, आणि मध्ये वीसहून अधिक बोगदे. काळोख, उजेड, काळोख. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आणि मनात एकच: गाडी आतच थांबली तर?

अशी माणसं काय करतात? आधी गाडी सोडतात आणि एसटी धरतात. मग द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ माडप बोगदा आहे हे आठवून तोही सोडतात. मग पुण्याला जायचंच सोडतात. दर वेळी टाळलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. मानसशास्त्रज्ञ ओ. हॉबर्ट मौरर यांनी १९४७ मध्ये हे चक्र मांडलं, आणि ते आजही बरंचसं खरं ठरतं.

“माझ्यासाठी घाट म्हणजे तयार दवाखाना आहे,” ती म्हणाली. “पण तो शेवटी. आधी बोगद्याचे फोटो, मग इंजिनाच्या काचेतून काढलेला व्हिडिओ. मग माथेरानची गाडी. १९०७ पासून नेरळहून चढते, वाटेत बोगदा एकच आणि तोही इवलासा. मग गाडीतून माडप, आधी कुणाबरोबर, नंतर एकट्यानं. आणि मग बोरघाट. कर्जतला बसल्यावर कागदावर लिहायचं, काय होईल असं वाटतं. ‘श्वास कोंडेल, शुद्ध जाईल, ओरडत सुटेन.’ खंडाळ्याला तो कागद उघडायचा.”

“आणि धडधडलं तर?”

“धडधडू द्यायचं. भीतीची लाट काही मिनिटांत माथ्यावर जाते आणि आपोआप उतरते. पाऊणएक तासात इतके बोगदे आहेत की माणूस ती लाट चढताना आणि उतरताना पुन्हापुन्हा बघतो. धडधड थांबवणं हा आमचा हेतूच नाही. धडधडतंय तरी मी बसलोय, हे कळलं पाहिजे.”

कागदाची ही युक्ती तिच्या मनची नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही दशकांत दाखवून दिलं आहे की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवा अनुभव बसतो आणि तो जितका अनपेक्षित, तितका घट्ट बसतो. त्यामुळंच बरा झालेला माणूस वर्षभर घाटात गेला नाही किंवा एकदम वेगळ्या बोगद्यात सापडला, तर भीती परत डोकं वर काढू शकते. त्यात उपचार फसला असं नसतं. म्हणून सराव निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी करून घेतात. स्वीडनच्या लार्स-यॉरान ऊस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एखाद्या प्राण्याचा भयगंड एकाच, तीन तासांपर्यंतच्या बैठकीतही बराचसा उतरू शकतो.

प्राण्यांचा विषय आल्यावर गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. “आता सापाचं बोल. लावणीच्या दिवसांत बाई अनवाणी चिखलात उतरते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी. ती घाबरते म्हणून जगते. तिची भीती घालवलीस तर तिला मारशील.”

“तिच्या भीतीला मी हात लावणार नाही. तिला गमबूट हवेत, रात्री बॅटरी हवी, जमिनीऐवजी खाटेवर झोपायला मिळायला हवं, आणि साप चावला तर भगताकडे तास न घालवता सरकारी दवाखान्यात प्रतिसर्पविष मिळायला हवं. माझ्याकडे येते ती वेगळी. ती मुंबईहून कर्जतला फार्महाऊस घेते आणि तीन वर्षं व्हरांड्याच्या पायरीखाली उतरत नाही. पाइप बघून किंचाळते. टीव्हीवर साप आला की खोलीतून निघून जाते.”

तिच्या उपचारात खरा साप हातात देण्याचा प्रश्न नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप पकडून बाळगता येत नाही. चित्रं, व्हिडिओ, मग वाळलेली कात, आणि शेवटी कात्रजच्या सर्पोद्यानात काचेसमोर उभं राहणं, इतकं पुरतं. बागेत जाताना बूट आणि काठी तिनंही ठेवायचीच.

खऱ्या धोक्याला खरा उपाय, हे रायगड जिल्ह्यानं एकदा जगाला दाखवलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि जिथं अशा रुग्णांतले जवळजवळ ४० टक्के दगावत, तिथं ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. विंचवाचं भय कमी झालं ते समजूत काढून नव्हे. विंचू चावला तरी माणूस घरी परत येऊ लागला, म्हणून.

“मग इर्शाळवाडीचं सांग,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, धो-धो पावसात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चिखलातून पायी चढली, यंत्रं वर नेता येईनात. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांना आधी चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, पुढं सिडकोनं त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली.

“पाऊस लागला की तिथल्या माणसाला झोप येत नाही. पत्र्यावर थेंब पडला तरी उठून बसतो. त्याला काय, तू शॉवरखाली उभं करणार? पायरी एक, पायरी दोन?”

“नाही, गुरुजी. त्याला भयगंड म्हणणं हा त्याचा अपमान होईल. त्याचं मन खोटं बोलत नाहीये. जे झालं तेच सांगतंय.”

“आणि त्या वाडीचं नाव दरडींच्या धोक्याच्या यादीत नव्हतं. सरकारनंच सांगितलं.”

ती यावर गप्प राहिली. अशा आपत्तीनंतर पहिले दिवस कुणाला बळेच बोलतं करू नये, हे आता जगभर मान्य आहे. त्या रात्रीची उजळणी लगेच करून घेतल्यानं फायदा होत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. घर, अन्न, हरवलेल्यांची खबर, आपल्याच माणसांच्या शेजारी राहायला मिळणं, हे आधी. पुष्कळांचं मन त्यानंतर हळूहळू आपलं आपण सावरतं. ज्यांचं सावरत नाही, महिने उलटले तरी ज्यांना तीच रात्र पुन्हापुन्हा दिसते, त्यांच्यासाठी आघातावरचे वेगळे उपचार आहेत. ते निष्णात माणसानंच करायचे असतात आणि ते चालतात फक्त सुरक्षित छपराखाली.

“आणि ज्या वाड्या अजून उतारावरच आहेत?” गुरुजींनी विचारलं. “तिथली माणसं पावसात रात्र रात्र जागतात. त्यांना मी काय सांगू? दीर्घ श्वास घ्या?”

“तिथं माझं काम नाही. तिथं भूवैज्ञानिकाचं आणि तहसीलदाराचं काम आहे. त्यांचं काम होण्याआधी मी त्या माणसांची भीती कमी केली तर तो गुन्हा ठरेल.”

एवढ्या वादात गुरुजींची बाजू सर्वांत भक्कम होती ती या प्रश्नात, आणि लेखक त्यांच्याबरोबर आहे. उतारावरच्या माणसाला समुपदेशक पाठवणं सोपं असतं. त्याला खाली सपाटीवर शेताजवळ, दाखल्यासकट, घर देणं अवघड असतं. सोपं काम आधी उरकलं की अवघड काम लांबणीवर पडतं.

ज्यांना खरोखर उपचार हवेत त्यांना ते मिळायचे कुठं, हा प्रश्न उरतोच. मनाच्या आजारासाठी कर्जतचं नाव देशात पोचलं ते डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रामुळं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गावात त्यामुळं मनाचा डॉक्टर म्हणजे वेडाचा डॉक्टर ही समजूत गेली असं नाही. लिफ्टला, सुईला, कुत्र्याला घाबरणारा माणूस त्या दारात जायला लाजतो. त्याच्यासाठी फोन आहे: १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस सेवा, क्रमांक १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीतही. फोनवर भयगंड बरा होत नाही, पण पुढं कुठं जायचं हे कळतं.

“शाळेत मास्तरनं काय करायचं ते सांग,” गुरुजी म्हणाले. “निवृत्त झालो तरी पोरं येतात माझ्याकडे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, तेव्हा दर वेळी एक-दोन पोरं सुई बघून चक्कर येऊन पडतात. मी त्यांना म्हणायचो, अंग सैल सोड.”

“तेवढं करू नका. बाकी सगळ्या भीतींत रक्तदाब वाढतो, म्हणून माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत तो आधी वाढतो आणि मग एकदम कोसळतो. अंग सैल सोडलं की आणखी लवकर पडतात. ऊस्टनीच यावर उलटा उपाय काढला, १९८७ मध्ये. मूठ, पाय, पोट घट्ट आवळायचं, चेहरा तापल्यासारखा होईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद. मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा. असं पाच वेळा.”

“दंड आवळला तर सुई दुखेल.”

“ज्या दंडात टोचायचं तो सैल. बाकी अंग आवळलेलं. हा सराव आठवडाभर आधी वर्गात घ्या, सगळ्यांकडून, म्हणजे घाबरणारं पोर वेगळं दिसणार नाही. आणि कुणी पडलंच तर आडवं करून पाय वर.”

गुरुजींनी उजवी मूठ आवळून पाहिली, मग पोटऱ्या. किती सेकंद झाले ते ती मोजत होती.

“आणि ज्याला टोचूनच घ्यायचं नाही?”

“त्याला विचारा, आज कुठपर्यंत येतोस. नुसतं रांगेत उभं राहतो म्हणाला तर उभं राहू द्या, आणि नर्सबाईंना सांगून त्याला सर्वांत शेवटचा नंबर द्या.”

“शेवटचा नको,” गुरुजी म्हणाले. “शेवटपर्यंत उभा राहिला तर तीस पोरांची तोंडं बघत बसेल. पहिल्या पाचांत घेतो.”

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ते त्यालाच विचारा.